भाकरीच्या कडेचे मानकरी

एका जंगलात, कुणीतरी विसरलेल्या भाकरीवर, एक राज्य होतं. मुलांनो, हे राज्य जंतूंचं. काही तांबडे, काही पांढरे. रंग सोडला तर दोघांत काडीचाही फरक नव्हता. पाय कुणालाच नव्हते. तोंड मात्र सगळ्यांना होतं.

सुरुवातीला भाकरीच्या मधोमध सगळे मिसळूनच राहायचे. मधली भाकरी संपली, तशी ज्यांची पोरं कडेला, त्यांनाच खायला मिळू लागलं. एखाद्या दिवशी एखाद्या पांढऱ्याला एक पोर कमी झालं, की शेजारच्या तांबड्याची पोरं आडवी पसरायची. पांढऱ्याची वाट कायमची बंद. कधी याच्या उलट. कुणाला किती पोरं व्हावीत, याला काही नियमच नव्हता.

असं होता होता सगळी कड तांबडी झाली. लगेच तिथे सत्कार समारंभ सुरू झाले.

मध्ये चिमाकाकू नावाची पांढरी अडकली होती. तिची पोरं उपाशी होती. ती ओरडली, "तांबडेराव, माझं एक तरी पोर कडेला घ्या हो!"

"काकू, इथे गुणवत्ता लागते," कडेवरचे तांबडेराव म्हणाले. "आमचे पूर्वज पहाटे उठायचे."

"अहो, ते माझ्या शेजारीच घोरायचे की!"

"हाच तो मत्सर!" असं म्हणून तांबडेरावांनी मोठा घास घेतला.

तेवढ्यात एक मुंगी आली. ती दूरदूर फिरलेली होती.

"पलीकडच्या भाकरीवर कडेला पांढरे आहेत," ती म्हणाली. "भाषण मात्र हेच. पहाटे उठण्यासकट."

"ती भाकरी सदोष असणार," तांबडेराव म्हणाले.

मुंगी चिमाकाकूंना तुडवून पुढे गेली. मुद्दाम नाही, वाटेत होत्या म्हणून. काकू पोरांसकट तिच्या पायाला चिकटल्या. सोबत तितकेच तांबडेही चिकटले. पुढे एका ताज्या भाकरीवर मुंगीने पाय झटकला.

तिथे सगळे पुन्हा मिसळूनच पडले. पहिल्या दिवशी काकूंना एक पोर जास्त झालं. बस, तेवढंच.

आठ दिवसांत कड पांढरीशुभ्र झाली. मधून एका तांबड्याचा क्षीण आवाज आला, "चिमाकाकू, आमचं एक तरी पोर घ्या हो! आपण एकाच पायाला चिकटून आलो ना?"

काकूंनी घास गिळला आणि सुस्कारा टाकला.

"अरे, मी कुठे नाही म्हणते? पण तुम्हाला पहाटे उठायला नको!"

तात्पर्य: कष्टाचं फळ गोडच असतं. फक्त फळ आधी मिळावं लागतं. कष्ट मग आपोआप आठवतात.