मदत न मिळालेली शालन

योजनेचा फायदा मोजायचा म्हणून सरकारी कार्यालयाने शालन उबाळेच्या मसाला कांडपासमोरच्या गाळ्यात मदत न मिळालेली शालन उबाळे आणून बसवली. तोच चेहरा, हनुवटीवर तोच तीळ, तोच तिरसट स्वभाव. फक्त मूळ शालनकडे योजनेतलं यंत्र होतं आणि हिच्याकडे उखळ-मुसळ.

"योजना नसती तर तुमचं काय झालं असतं, हे दिसल्याशिवाय मूल्यमापन कसं होणार?" मूल्यमापन अधिकारी निगुडकर म्हणाले.

"अन् हिला आणली कुठनं?"

"मागणीपत्र पाठवलं होतं. दोन मागितल्या, एक मंजूर झाली."

नियम साधा होता. तीन महिन्यांनी जिचा धंदा जास्त ती राहणार, दुसरी, ही जिथून आणली तिकडे जाणार. दुसरी मूळची असली तरी.

शालन निर्धास्त होती. पण योजनेच्या अटीप्रमाणे यंत्राभोवती काच होती आणि गिऱ्हाइकाने टोकन घेऊन घरी जायचं होतं. त्या गावातली बाई एक वेळ नवऱ्यावरची नजर काढेल, कांडपाला दिलेल्या मिरचीवरची नाही. पहिल्याच आठवड्यात बायका पोती घेऊन समोरच्या उखळाभोवती ठाण मांडून बसल्या.

पण हातपाय गाळणारी शालन नव्हे. दुपारी स्वतःची दोन किलो बेडगी मिरची घेऊन ती समोरच्या रांगेत बसली. नंबर आल्यावर तिने सरळ विचारलं, "तू होतीस तिकडं काय आहे गं?"

"काय नाय. एक बाकडं आहे. अर्ज हातात धरून बसायचं." दुसरीने मुसळ थांबवलं नाही. "सात वर्षं बसले. मी नाय जायची परत."

"मी पण नाय जायची."

शालनचा राग तिथेच संपला. तिचा स्वतःचा अर्ज मंजूर झाला त्यालाही सातच वर्षं झाली होती. तिने खुर्ची जवळ ओढली आणि दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शालनने काच काढून टाकली. गावातली प्रत्येक बाई मिरची दोन सारख्या पिशव्यांत आणू लागली, एक इकडे, एक तिकडे. सासू एका दुकानात बसे, सून दुसऱ्यात. एखादी मिरची जास्तीची निघालीच तर ती मधोमध मोडत.

तीन महिने भरले त्या दिवशी निगुडकरांनी दोन्हीकडच्या मिरचीचं तीनदा वजन केलं. फरक शून्य.

"म्हणजे योजनेचा काहीच उपयोग झाला नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "यंत्र परत न्यावं लागेल."

"न्या."

"आणि फरकच नाही, तर पाठवायचं कुणाला ते ठरत नाही."

"मग नका पाठवू."

त्यांनी तसं लिहून घेतलं. दोघींच्या सह्या इतक्या सारख्या आल्या की दोन्ही मिळून एकच धरावी लागली.

यंत्र टेम्पोत चढलं तेव्हा शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही कशाला म्हणायचं? सात वर्षं तिने ते पुसून ठेवलं होतं. मग तिने पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि दुसरं मुसळ उचललं. एकीचं वर जाई तेव्हा दुसरीचं खाली येई.

"शालन, आता माझी मिरची घे," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"आण," दोघी म्हणाल्या.