प्रार्थनेतला म्हातारा

मुलांचं गायनपथक बंद करायचं, असं प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांनी आणि विश्वस्तांनी जवळजवळ ठरवलंच होतं. ऐकायला कुणी येत नव्हतं आणि निम्म्या पोरांचे आवाज फुटले होते. बायको गेल्यापासून पथकाच्या मास्तरांना घराबाहेर पडायला तेवढंच एक निमित्त उरलं होतं. त्यामुळे जुन्या प्रार्थनांना वारा, पाणी, पाखरं अशा आवाजांची जोड द्यायचं जावयाने सुचवलं, तेव्हा मास्तरांनी नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

जावई ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला. त्याने एक छोटं यंत्र मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि सकाळी उठल्याबरोबर बटण दाबायला सांगितलं. मास्तरांनी दाबलं आणि विसरून गेले. जावयाने सुरुवातीचा वारा तेवढा ऐकला, खूश झाला आणि सगळ्याला भरपूर घुमारा देऊन टाकला. पुढचं ऐकायला त्याला सवड नव्हती.

तालमी त्या आवाजांशिवायच झाल्या; त्यांत मास्तरांनी मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली : मागचा आवाज थांबेपर्यंत शेवटचा स्वर सोडायचा नाही.

कार्यक्रमाला सभागृह अर्धं भरलं. मुलांनी प्रार्थना म्हटली, शेवटचा स्वर धरला, वारा सुटला. तो ओसरतोय असं वाटत असतानाच कर्ण्यांतून एक खोल, घुमणारा खोकला आला.

"अगं, चष्मा कुठं ठेवलाय माझा?"

आवाज मास्तरांचाच होता. रोज सकाळी ते बायकोच्या फोटोशी बोलतात, हे मुलीलासुद्धा ठाऊक नव्हतं. आणि मुलगी पहिल्याच रांगेत बसली होती.

त्यांनी मुलांना थांबायची खूण केली. मुलांनी आवाज बारीक केला. मास्तरांनी जावयाकडे पाहून जोरजोरात हात हलवले. जावयाने आवाज वाढवला. पोरं लालबुंद झाली, आळीपाळीने श्वास चोरू लागली, पण स्वर सोडीनात. इतकी शिस्त त्यांनी आजवर कधीच दाखवली नव्हती.

"अध्यक्षांना सुरातलं ओ की ठो कळत नाही गं. बंद होणार सगळं. तू सुटलीस. मी सकाळी उठून करू काय, ते तरी सांगून जायचंस."

मग एक भांडं पडलं आणि सगळं थांबलं. पोरांनी स्वर सोडला. टाळी कुणीच वाजवली नाही. दोनचार जण नाक पुसत होते.

मास्तर तडक मागच्या खोलीत गेले आणि आपलं सामान गोळा करू लागले. पाठोपाठ अध्यक्ष आले. आपण सोडून जातो, असं मास्तर म्हणणार, तोच अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. पथक बंद करायचं नाही, दर महिन्याला हाच कार्यक्रम करायचा, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

"पण मास्तर, तो म्हातारा कोण हो?"

"आहे एक ओळखीचा," मास्तर कसेबसे म्हणाले.

"रडका आहे, पण करतो झकास. पुढच्या वेळी नवीन काहीतरी बोलायला सांगा त्याला. आणि त्या अध्यक्षाला अजून झोडपा जरा. असतात हो असली माणसं."

मुलीने मात्र आवाज ओळखला होता. तिने बापाच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि नवऱ्याला तारा गुंडाळायला मागे ठेवून घरापर्यंत सोबत चालत आली.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा खिडकीत आलं. मास्तरांनी बटण दाबलं, केसांवरून हात फिरवला आणि फोटोसमोर बसले. घसा साफ केला. एक शब्द सुचेना. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी बसले होते, तसे मास्तर बायकोसमोर अवघडून बसून राहिले.