नगर पश्चिमेला आहे

शिवकन्येने माहितीपत्रकातली शेवटची अट दुसऱ्यांदा वाचून दाखवली, तेव्हा तिच्या आजोबांच्या, म्हणजे सुंदररावांच्या, चेहऱ्यावर समाधान पसरले. नगररचनेच्या पदवीसाठी पुण्याच्या महाविद्यालयाने घातलेल्या अटींपैकी बारावीच्या गणिताची अट नातीने केव्हाच मागे टाकली होती. चित्रकलेच्या चाचणीतूनही ती तरून गेली होती. आता उरली होती ती फक्त मुलाखत. मुलाखतीला येताना उमेदवाराने आपल्या गावातील एखादी सार्वजनिक जागा स्वतः मोजावी, लोक ती कशी वापरतात ते पाहावे आणि त्याचा नकाशा सोबत आणावा, असे त्या शेवटच्या अटीत म्हटले होते.

मोजणीचे नाव निघताच सुंदररावांचा कणा ताठ झाला. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते साखर कारखान्यात ओव्हरसियर म्हणून लागले होते. कारखान्याची गोदामे, मोऱ्या आणि ऊस घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांचा तळ, सगळे त्यांच्या दोरीखालून गेले होते. निवृत्त होऊन ते चिंचाळवाडीला परतले, तरी सरळ रेषेवरची त्यांची श्रद्धा काही निवृत्त झाली नव्हती. गाव त्यांना अजूनही ‘ओवरशेर’च म्हणत असे. जगातले निम्मे तंटे ढिसाळ शब्दांतून उद्भवतात, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून कोणी काही विचारले, की ते नेमके तेवढेच आणि अगदी अचूक सांगत.

जागा कोणती, यावर वाद झाला नाही. त्या दुष्काळात गावाचे सगळे जगणे दूध डेअरीसमोरच्या चौकात येऊन थांबले होते. सकाळी दुधाच्या किटल्या तिथेच यायच्या, त्यांच्यामागून टँकरची वाट पाहत हंडे तिथेच बसायचे आणि संध्याकाळी टँकरच्या भांडणाची उजळणीही तिथेच व्हायची. शिवकन्येने निंबाखाली बसून कोण कुठे बसतो, कोणाची किटली कुठे ठेवली जाते, हे सारे कागदावर उतरवत आणले होते. आता चौक तेवढा मोजायचा राहिला होता.

सुंदररावांनी चौकाच्या मधोमध उत्तर-दक्षिण दोरी ताणली आणि तिच्यावरून चुन्याची फक्की मारली. रेषा अशी सरळ आली, की त्यांनी दोन पावले मागे जाऊन ती पुन्हा एकदा पाहिली. तेवढ्यात भामाबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन आली आणि ही रेघ कशाची, असे तिने विचारले.

“नगररचनेची,” सुंदरराव म्हणाले. “ही आधाररेषा. रेषेच्या अलीकडचं अलीकडे धरायचं, पलीकडचं पलीकडे.”

भामाबाईने हंडा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला. “आन् नगर कुनीकडं मंग?”

दिशेचा प्रश्न होता. सुंदररावांनी हात लांब केला. “नगर पश्चिमेला आहे.”

उत्तरात काडीची चूक नव्हती. आष्टी तालुक्याच्या त्या कोपऱ्यातून नगर पश्चिमेलाच होते आणि आजही आहे. पण त्या मुलखात ‘नगर’ या शब्दाला दुसरा अर्थ नाही. लग्नाचा बस्ता नगरला, मोठे दुखणे नगरला, कोर्ट आणि दाखला तेवढा बीडला. शिवाय नगरकडे पाटाचे पाणी होते, आणि बीडकडे पाणी येणार असल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा भामाबाई घरी पोचेपर्यंत चिंचाळवाडीची फाळणी झाली होती. पश्चिमेकडचे अर्धे गाव नगर जिल्ह्यात चालले होते आणि त्यासाठी सरकारने साक्षात ओवरशेरला चुना दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या कागद घेऊन निंबाखाली आली, तर निंबाखाली कोणीच नव्हते. निंब पूर्वेला होता. पारावरची म्हातारी माणसे पश्चिमेच्या उन्हात टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. हंडे पश्चिमेला, किटल्या पश्चिमेला. कोणीतरी तर म्हैससुद्धा रेघेपलीकडे आणून बांधली होती आणि तिचा खुंटा ‘नगरमदी’ ठोकला होता. पूर्वेला उरली होती फक्त जाईबाई. तिचा पाय अधू होता. निंबामागच्या आपल्या दारात बसून गाव कुठे चालले आहे, ते ती पाहत होती.

“अण्णा,” शिवकन्या आजोबांना म्हणाली, “माझा नकाशा खोटा ठरला. परवा पुण्याला जायचंय.”

सुंदररावांनी गैरसमज तिथल्या तिथे दूर करायचे ठरवले. पश्चिमेच्या उन्हात उभे राहून त्यांनी सांगितले, की येथे नगर याचा अर्थ शहर असा आहे.

“मंग आमी काय म्हंतोय?” भामाबाई म्हणाली. “नगर शहरच की.”

“ते शहर नव्हे. कोणतंही नगर.”

लोकांत कुजबुज झाली. मग एक जण पुढे आला आणि अदबीने म्हणाला, “कोन्तं बी म्हंजी श्रीरामपूर का संगमनेर? येवढं तरी सांगा. पाटाचं पानी दोनीकडं हाय, आमची काय तक्रार न्हाई.”

सुंदरराव घरी परतले. नेमक्या शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता; पण त्याला त्या दिवशी थोडी विश्रांती द्यावी, असे त्यांना वाटले.

ती विश्रांती आबासाहेबांनी मिळू दिली नाही. आबासाहेब दूध संस्थेचे चेअरमन. आजवर त्यांनी अनेक संकटांतून संस्थेला वाचवले होते आणि काही संकटांतून संस्थेने त्यांना. ते आले, ओट्यावर टेकले, आधी नातीच्या शिक्षणाची विचारपूस केली, पाणी प्यायले आणि मग आवाज खाली आणून मूळ मुद्द्यावर आले. त्यांचे घर रेघेच्या पश्चिमेला होते आणि डेअरी पूर्वेला.

“म्हंजी मी झालो नगरचा आन् संस्था ऱ्हायली बीडची. दुसऱ्या जिल्ह्याच्या मानसाला चेरमन कोन ठिवील? तुमी रेघ तेवढी डेरीच्या पल्याड सरकवा. डेरी बी नगरला येऊ द्या.”

“आबासाहेब, आधाररेषा सरकत नसते.”

“कावून सरकत न्हाई? कारखान्याची सडक सरकलीती की, माझ्या वावराकडनं.”

“ती मी सरकवली नव्हती.”

“म्हनून तर तुमच्याकडं आलोय. तुमी सरकवली, तर लोक खरं धरत्यात.”

सुंदररावांनी नम्रपणे नकार दिला. आबासाहेबही तितक्याच नम्रपणे उठले आणि निघून गेले.

सकाळी सुंदरराव चौकात आले आणि जागीच थबकले. आधाररेषेला पोट आले होते. उत्तरेकडून ती इमानाने सरळ येत होती. डेअरीपाशी मात्र ती पूर्वेकडे फुगली होती, अख्खी डेअरी आणि कडब्याची गंजी कवेत घेऊन पुन्हा जागेवर आली होती. जुनी रेघ खराट्याने झाडलेली होती. नवीन रेघ डेअरीच्या भिंतीला लावायच्या चुन्याने काढली होती. खाली दक्षिणेला आणखी एक लहानसे पोट होते; ते कोणाच्या तरी उकिरड्याभोवती होते. कारखान्याच्या उभ्या नोकरीत सुंदररावांनी अशी रेषा पाहिली नव्हती. चरायला सोडलेल्या शेळीने ती आखली असावी, असे दिसत होते.

रेषा पुन्हा मारायला ते दोरी आणायला वळणार, तोच आदल्या दिवशी न आलेला टँकर आला.

टँकर सुग्रीव चालवीत असे. बीडहून त्याच्याकडे सरकारी फेऱ्यांचे काम होते आणि काचेवर ‘जिल्हा बीड’ अशी ठळक पाटी होती. त्याने चौकात टँकर घातला आणि पाहिले तर सगळे हंडे एका अंगाला. त्याने विचारले. गावाने अभिमानाने सांगितले, की ही बाजू आता नगर जिल्ह्यात गेली आहे.

सुग्रीवने इंजिन चालूच ठेवले.

“मंग तिथं मला पानी सोडता यायचं न्हाई. मागं एकदा चुकून दुसऱ्या वाडीत सोडलं, तर लई दिस घरी बसलतो. बीडचं पानी बीडमदीच.”

मग चिंचाळवाडीने जिल्हा बदलला. हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे कॅन, सगळे खणखणत पूर्वेला धावले; एवढ्या झटपट माणसे बीडमध्ये परत आल्याचे कोणी पाहिले नव्हते. आबासाहेबांनी स्वतःची घागर स्वतः उचलली. म्हैस तेवढी नगरला राहिली. निंबाखाली अशी झुंबड उडाली, की हंड्यावर हंडा आदळू लागला. जाईबाईचा हंडा तर लोकांच्या पायांत सापडून गडगडत रेघेवर जाऊन थांबला. सुग्रीव वैतागला. गाव कुठल्या जिल्ह्यात आहे ते आधी ठरवा, मी पुढच्या गावाला जाऊन येतो, असे म्हणून त्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

टँकर गेला असता, तर त्या दिवशी चूल पेटली नसती. सुंदररावांनी हात वर केला. पण सांगायला नेमका शब्द सापडेना. शब्दांनीच तर सगळा घोटाळा केला होता. आणि मग त्यांना दिसले, की त्यांची नात टँकरच्या मागे, जाईबाईच्या हंड्याशेजारी, बरोबर रेघेवर जाऊन उभी राहिली आहे.

“सुग्रीवमामा,” ती म्हणाली, “रेघेवर कोणता जिल्हा असतो?”

सुग्रीवने खिडकीतून डोके बाहेर काढले. खाली पाहिले. विचार केला. “रेघेवर कंचाच नसतो.”

“मग टँकर रेघेवर लावा. तुमच्याकडून चूक व्हायचीच नाही.”

सरकारी कामात वर्षे काढलेल्या माणसाला यातला सोयीस्करपणा ताबडतोब कळला. त्याने टँकर काळजीपूर्वक रेघेवर आणला, डेअरीपाशी रेघेबरोबर वळवलासुद्धा, आणि पाइप सोडला. ज्यांची घरे पश्चिमेला ते पश्चिमेला उभे राहिले आणि ज्यांची पूर्वेला ते पूर्वेला. एक हंडा अलीकडचा, एक पलीकडचा, असा क्रम आपोआप लागला. कारण समोरचा ‘जिल्हा’ आपल्यापेक्षा जास्त नेणार नाही, यावर दोन्हीकडच्या लोकांचे डोळ्यांत तेल घालून लक्ष होते. पहिला हंडा जाईबाईचा भरला. तो आधीच रेघेवर होता आणि रेघ ओलांडून तो हलवायला कोणी धजावले नाही. भामाबाईने तो उचलला.

“बस गं तिथंच, मी आनते,” ती म्हणाली. “तुझ्या जिल्ह्यात माझं यायचंच ऱ्हायलंतं.”

जाईबाईने दारातून दोन्ही हात जोडले. ते भामाबाईला होते, की शिवकन्येला, की टँकरला, हे कळले नाही. आजवर तिच्या वाट्याला टँकरचा तळ यायचा. त्या दिवशी कोणाचा हंडा चेपला नाही आणि संध्याकाळी उजळणी करायला भांडणही उरले नव्हते.

मुलाखतीला नेण्याचा नकाशा शिवकन्येने त्याच रात्री नव्याने काढला. टँकर, दोन रांगा, निंब, जाईबाईचे दार. आधाररेषा तिने पोटासकट दाखवली. सुंदररावांना ते पाहवेना. असला नकाशा घेऊन आपण पुण्यात कोणत्या तोंडाने उभे राहणार, असे ते म्हणाले. शिवकन्येने पेन्सिल थांबवली आणि शांतपणे सांगितले, की अण्णा, अट लोक जागा कशी वापरतात ते दाखवण्याची आहे. आणि आपले लोक ती अशी वापरतात.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिका वयस्क होत्या. नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि आधाररेषा वाकडी का, असे विचारले. शिवकन्येने उत्तर दिले, “आजोबांनी सरळच मारली होती, मॅडम. गावाने वाकवली.” बाहेर बाकावर बसलेल्या सुंदररावांना आतून हसण्याचा आवाज आला. तो इतका वेळ चालला, की नात हातची गेली, असे समजून त्यांनी डोळे मिटले. ती हातची गेली होती, यात शंका नाही. पण ती त्या महाविद्यालयात गेली होती.

ती निघाली त्या सकाळी दूध संस्थेने चौकात फलक लावला. ‘कु. शिवकन्या हिची नगर येथे रचनेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली आबासाहेबांचे नाव आणि वर, जागा उरली म्हणून, त्यांचाच फोटो. सुंदररावांनी फलक वाचला. खिशातल्या पेन्सिलीकडे हात गेला आणि परत आला.

जाईबाईने शिवकन्येच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. भामाबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, “बरं झालं बाई. नगर म्हंजी जवळच. ओवरशेर, नगरलाच ना?”

गाव उत्तराकडे कान लावून उभे होते. सुंदररावांनी घसा साफ केला.

“नगरवरूनच जावं लागतं,” ते म्हणाले. यातही काडीची चूक नव्हती.

एसटी गेली. धुरळा खाली बसल्यावर सुंदररावांच्या लक्षात आले, की चाकांनी आणि गुरांच्या खुरांनी रेघ पुसट झाली आहे आणि थोड्याच वेळात टँकर येईल. ते घरी गेले आणि फक्कीची पाटी घेऊन आले. दोरीची आठवण त्यांना झाली नाही. उत्तरेच्या टोकाला वाकून त्यांनी सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे रेघ सुतासारखी सरळ येऊ लागली. डेअरीपाशी पोचल्यावर मात्र, कोणी काही न सांगता, त्यांनी हात वळवला.