पट्टीखालचं बटण

वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याला गाडीच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. आयुष्यभर लोकांना स्वच्छ दाखवण्याचा धंदा केलेला माणूस. पण बाहेर मुसळधार पाऊस, आत चार भिजलेली माणसं, त्यातली दोन रडणारी, आणि सगळ्या खिडक्या बंद. काचा वाफ धरणार नाहीत तर काय करतील?

पुढे वडिलांना घेऊन शववाहिका चालली होती, सोबत काका. दाहिनीची सव्वाअकराची वेळ मिळाली होती. ती चुकली तर नंबर थेट संध्याकाळी, आणि शेजारी बसलेली आई दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. तेवढा वेळ तिने तग धरला नसता.

"दादा, एसी लाव ना," मागून बहीण म्हणाली.

एसीच्या बटणावर वडिलांनी चिकटपट्टी मारली होती. एसीने हाडं धरतात, हे त्यांचं ठाम मत. गाडी मुलाची, पट्टी वडिलांची. नऊ वर्षांत ती काढायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि आज तर नकोच.

"मग खिडकी तरी उघड."

"माझा कान," आत्या म्हणाली. वडिलांची ही थोरली बहीण. कानात वारं गेलं की आठवडाभर घर डोक्यावर घ्यायची.

चष्मेवाल्याने खिशातल्या मऊ फडक्याने समोरची काच पुसली. ती पुन्हा भरली. भिंगावर साबणाचा हलका हात फिरवा, वाफ धरत नाही, असं तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. बहिणीच्या पर्समध्ये हात धुण्याचा साबण निघाला. सिग्नलला त्याने तो काचेवर फासला, पण हात काही हलका राहिला नाही. वाफेच्या जागी फेस आला. फेसापलीकडे एक पांढरी गाडी तेवढी दिसत होती. त्याने तिची पाठ सोडली नाही.

पांढरी गाडी एका ओळखीच्या फाटकातून आत शिरली. दोन माणसं उतरून चादरींची गाठोडी काढू लागली. ती हॉस्पिटलच्या धुलाईची गाडी होती. काल वडील जिथे गेले, त्याच दारात सगळे परत आले होते.

"त्यांना परत का आणलं?" आईने विचारलं. तिच्या आवाजात किंचित आशा होती. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काकांचा फोन. "कुठे राहिलात? वीस मिनिटं उरलीत."

चष्मेवाल्याने नखाने पट्टी खरवडून काढली. खालचं बटण कोरं करकरीत होतं. त्याने बोट पुढे केलं.

"थांब," आई म्हणाली.

तिच्या बाजूची काच कुणीच पुसली नव्हती. तिच्यावरच्या दाट वाफेत अक्षरं उमटली होती. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांना इथे आणलं तेव्हा त्यांचा आवाज गेला होता आणि लिहायची पाटी घरीच राहिली होती. म्हणून त्यांनी काचेवर बोटाने लिहिलं होतं. बोटाचा तेलकट माग अजून तसाच होता.

"एसी नको."

चष्मेवाल्याने बोट मागे घेतलं. मग आत्याने आपली खिडकी खाली केली. "मेल्यावरही ह्याचंच खरं," ती म्हणाली, आणि दुखऱ्या कानावर पाऊस घेत बसली.

तीन खिडक्या सताड उघड्या टाकून गाडी निघाली. आईची काच तेवढी वर होती. वाऱ्याने ती निवळायला लागली, की आई पुढे वाकून तिच्यावर तोंडाची वाफ सोडत होती.