रामटेके काकांनी बसवलेला बिघाड

रामटेके काकांच्या दाराची बेल वाजवणं सोपं नाही. बेल चांगली आहे, बटण दाबलं की वाजते. अडचण एवढीच, की काका ती आत बसून वाचतात.

पस्तीस वर्षं त्यांनी तारखात्यात टिंबं आणि रेघा, म्हणजे तारेच्या लिपीतले आखूड आणि लांब सूर, ऐकण्यात घालवली. तारा बंद झाल्या, काका निवृत्त झाले, पण कान काही निवृत्त झाला नाही. जगात जे जे म्हणून थांबून थांबून वाजतं, ते त्यांना कुणीतरी पाठवलेली तारच वाटते. दूधवाला दोनदा लांब बेल दाबतो, म्हणून तो ‘एम’. कुरिअरवाला तीनदा झटपट दाबतो, तो ‘एस’. मी एकदाच दाबतो, पण नाटकाच्या तिसऱ्या घंटेसारखी, लांबलचक. आतून आवाज येतो, “आला ‘टी’! ऐकते का वं? भाऊ आले, ठेव!” एक लांब म्हणजे ‘टी’, आणि ‘टी’ म्हणजे चहा. एवढ्या एका अक्षराच्या जोरावर बारा वर्षं मला त्या घरात चहा मिळतो आहे.

एकदा शेजारच्यांचा इन्व्हर्टर बिघडून पिक पिक करत होता. तिसऱ्या दिवशी काका त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. “तीन दिवस झाले, सारखं ‘ई, ई, ई’ करून राहिला हा. बोलायचं काहीच नाही अन् थांबत बी नाही. याले निवडणुकीले उभा करा.”

हे झालं त्यांच्या कानाचं. आता हाताचं सांगतो, आणि जरा छाती फुगवून सांगतो, कारण या माणसामुळे आमच्या कॉलनीचं नाव नागपूरच्या बाहेर पार रायपूर-जबलपूरपर्यंत पोचलं आहे. सरकारी परवाना काढून घरबसल्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारी एक हौशी जमात असते. त्यांची वाल्वच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या, जमान्यातली यंत्रं, एकाच पेटीतून पाठवायचं आणि ऐकायचं अशी, आता दुरुस्त करणार कोण? कंपन्या बुडाल्या, मेकॅनिक देवाघरी गेले. राहिले आमचे काका. लोक पेट्या लेकरासारख्या मांडीवर घेऊन येतात.

काका पेटी लगेच उघडत नाहीत. “आधी ऐका, मंग उघडा,” हा त्यांचा मंत्र. पेटी चालू करायची, डोळे मिटायचे, ऐकायचं. मग नाक जवळ न्यायचं. करपलेला ट्रान्सफॉर्मर त्यांना वासावरून कळतो, आणि तो किती दिवसांपूर्वी करपला तेही ते सांगतात. चालू पेटीत हात घालताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर विजेचा झटका छातीतून जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी काकूंनी त्यांच्या प्रत्येक पायजम्याला डावीकडे खोल खिसा शिवून दिला आहे.

भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याने पेटी आणली, तेव्हा मी तिथेच होतो. झाकण उघडलं आणि आम्ही तिघंही पाच मिनिटं नुसते शिंकत होतो. काकांनी डोळे पुसत निदान केलं, “पेटीले काही नाही झालं. तिखट झालं.” ब्रशने झाडली, पेटी बोलू लागली.

पुण्याहून एक इंजिनिअर आला. बरोबर लॅपटॉप आणि तीन प्रकारचे मीटर. दोन महिने झुंजून थकला होता. काकांनी डोळे मिटून ऐकलं, पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने आत इकडे तिकडे टकटक केलं, आणि एका जागी पेटी खरखरली. “हा सांधा पाहा. दिसते जुळलेला, पण जुळला नाही. बाहेरून चमकते, अंदरून कोरडा. माह्या साळ्यासारखा.”

“ऐकून राहिली मी!” स्वयंपाकघरातून काकू.

“सोल्डर मारतो ना वं त्याले,” काका म्हणाले.

तर अशा या माणसाच्या हातून चूक झाली. दुरुस्त करताना झाली नाही. दुरुस्त केलं, हीच चूक झाली.

काटोलचे गुलाबराव वानखेडे हे संत्र्याचे बागायतदार. वय अठ्ठ्याहत्तर. कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या दोस्ताने, मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या दुबेजींनी, कबाडातून लष्करी यंत्रांचे भाग जमवून दोन सारख्या पेट्या जुळवल्या. एक काटोलला आली, एक सिवनीला गेली. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता काटोल आणि सिवनी टिंब-रेघांत गप्पा मारतात. लग्नं झाली, नातवंडं झाली, मोबाइल आले, पण सातची वेळ चुकली नाही. दोन वर्षांपूर्वी दुबेजींना लकवा मारला. वाचा गेली, नजर गेल्यात जमा. राहिला फक्त उजवा हात. तो खाटेशेजारच्या बटणावर ठेवला, की म्हातारा घडाघडा बोलतो.

एका सकाळी काटोलच्या पेटीतून धूर निघाला. जावयाने ती गाडीत घालून काकांकडे आणली. काकांनी वास घेतला, ट्रान्सफॉर्मर बदलला. पण ऐकताना त्यांना दुसरंच काही सापडलं. पेटीतून निघणारा प्रत्येक सूर शेवटाला किंचित घसरत होता. ‘टी’ असं वाजायच्या जागी ‘टिऊं’. आतला, विजेचा दाब धरून ठेवणारा एक वाल्व कबाडातून आला तेव्हापासूनच म्हातारा असावा. बटण दाबलं की त्याची पकड ढिली पडायची आणि सूर खाली सरकायचा.

“बिचारी लंगडून राहिली,” काका म्हणाले, आणि त्यांनी जपून ठेवलेला कोरा वाल्व तिथे बसवला. मग मला हाक मारली. “ऐका भाऊ! पट्टीनं रेघ ओढल्यासारखा!” मी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून नमस्कार केला. पेटी काटोलला गेली.

चौथ्या दिवशी गुलाबरावांचा फोन आला. काकांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मीही ऐकला.

“रामटेके, पेटी फार चांगली केली गा तुम्ही.”

“मंग?”

“तेच तर झालं ना बाप्पा.”

झालं होतं असं. गुलाबरावांनी सात वाजता हाक दिली. सिवनीत दुबेजींनी दोन घटका ऐकलं, बटणावरचा हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या सुनेने सासऱ्यासाठीच ही लिपी शिकून घेतली आहे. तिच्या तळहातावर त्यांनी बोटाने ठोकून सांगितलं, “गुलाब गया. ये कोई और है.” गुलाब गेला, आणि आपल्याला कळू नये म्हणून घरच्यांनी त्याच्या जागी कुणाला तरी बसवलं, अशी त्यांची खात्री झाली होती. तीन दिवस ते दुधाच्या दोन घोटांपलीकडे काही घेत नव्हते.

“फोनवर बोला ना तुम्ही!” मी मध्येच तोंड घातलं.

“बोललो ना भाऊ! पण माही कवळी नवीन. सून सांगते, आवाज ऐकून तर त्यानं फोनच ढकलून देला.”

“मंग जाऊन या,” काकांनी सुचवलं.

“खुब्याचं हाड बसवलं आहे. तीन महिने गाडीत बसू देत नाही डॉक्टर. तोपर्यंत तो राहते का?”

“पण बटणावरचा हात तर तुमचाच आहे,” काका म्हणाले. तारवाल्यांना एकमेकांचा हात ओळखू येतो, जसं आपल्याला अक्षर ओळखू येतं.

“हाताची नक्कल होते, रामटेके. जवानीत आमी दोघं साऱ्यांची करत होतो. आता तो म्हणते, कोणी माही नक्कल करून राहिलं.”

काका खुर्चीत पुढे सरकले. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्यांनी हळूच विचारलं, “टिऊं?”

“हाव,” गुलाबराव म्हणाले. “त्या टिऊंवरून ओळखे तो मले. पन्नास वर्षं.”

काकांनी फोन ठेवला. मी म्हणालो, “काका, यात तुमची काय चूक?”

“काहून नाही? मी पेटीले विचारलं, भाऊ. पेटीवाल्याले नाही विचारलं.”

पेटी परत आली. आपल्या हातून गेलेली पेटी परत येत नाही, असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाकडे एक पेटी परत आली, तीही फार चांगली दुरुस्त झाली म्हणून! आणि तो म्हातारा वाल्व कचऱ्याच्या गाडीतून कधीच निघून गेला होता.

मग आम्ही निघालो थकलेला वाल्व शोधायला. नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला, ट्रकांच्या गर्दीत, एका गोदामामागच्या कबाड्याकडे. काका त्याला समजावत होते, “मेलेला नको. थका हुआ चाहिये. थोडासा.” कबाडी माझ्याकडे पाहून म्हणाला, “लोग चालू माल मांगते, काकाजी थका हुआ मांग रहे. तबियत ठीक है ना इनकी?” पोतंभर वाल्व घेऊन आलो. त्यातले बसण्यासारखे एकतीस निघाले. एकतीसही लावून पाहिले. काही अगदी ताठ. काही असे, की काका म्हणाले, “हा घसरत नाही, आपटते.”

शेवटी काकांनी कोरा वाल्व तसाच ठेवला आणि त्याच्या वाटेत एक छोटासा रेझिस्टन्स टाकला, बटण दाबल्यावर दाब जरासा खचावा म्हणून. पण जरासा म्हणजे किती? ते जगात दोनच माणसांच्या कानात होतं. त्यातला एक भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्याला फोन लावला.

“टिऊं,” गुलाबराव म्हणाले.

“टिऊंऽ?” काकांनी विचारलं.

“नाही नाही. शेपटी तोडा. टिऊं!”

“टियुं?”

“अरे, हे तर मांजरीचं पिल्लू झालं!”

दोन म्हातारे अर्धा तास फोनवर एकमेकांना टिऊं टिऊं करत होते. काकू चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. “काय गा भाऊ, हे दोघं चिमण्या झाले काय?” मी नाटकवाला, सुराची थोडी जाण असलेला, म्हणून सुचवलं, “काका, जरा खालच्या पट्टीत घ्या.” काका म्हणाले, “तुम्ही चहा घ्या.”

दोन दिवस ते चाललं. रेझिस्टन्स काढायचा, दुसरा लावायचा, डावा हात खिशात, उजव्याने बटण, डोळे मिटलेले. आयुष्यभर बिघाड काढणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच बिघाड घालताना पाहत होतो, आणि खरं सांगतो, इतक्या काळजीने कुणी काही दुरुस्तही करत नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी वाजली आणि फोनमधून गुलाबराव ओरडले, “हाच! हाच मी!”

काकांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली, पुढे कधी कुणी मेकॅनिक उघडेल त्याच्यासाठी. सुबक अक्षरात लिहिलं होतं, “इथला सूर घसरतो. घसरू द्यावा.” खाली सही.

दुसऱ्या सकाळी मी काकांना आणि पेटीला घेऊन काटोलला गेलो. गुलाबरावांची खाट खिडकीशी, खिडकीबाहेर संत्र्याची बाग. “जय भीम, गुलाबराव.” “जय भीम, या.” काकांनी तारा जोडल्या. वाल्व हळूहळू लाल झाले. सात वाजले.

गुलाबरावांनी हाक दिली. टिऊं टिऊं, टिऊंऽ. मग हात बाजूला घेतला. पेटीत नुसती खसखस भाजल्यासारखी खरखर.

पुन्हा हाक. पुन्हा खरखर. गुलाबराव काकांकडे पाहू लागले. काका पेटीकडे पाहत होते. गुलाबरावांनी तिसऱ्यांदा हाक दिली. खाटेच्या पायाशी उभी असलेली त्यांची लेक पदर तोंडाशी धरून पुटपुटली, “बाबा, राहू द्या ना आता.”

आणि खरखरीतून एक बारीक सूर वर आला. थांबत, अडखळत, दूरचा. तोही शेवटाला किंचित घसरणारा. शेवटी जुळ्या पेट्या त्या!

गुलाबरावांनी डोळ्यांवर हात ठेवला. सूर थांबेना. इतक्या दिवसांचं साठलेलं असावं. एका हाताने एक माणूस मोकळा होत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सगळं कळत होतं. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की काटोलच्या चौकात जाऊन ओरडावं, हे आमचे काका! पण आधी ऐकायचं होतं. मी त्यांच्या कानाशी लागलो, “काय म्हणून राहिले दुबेजी?”

काकांनी माझं कोपर धरलं आणि मला खोलीबाहेर आणलं.

“सांगा ना काका. काय म्हणाले?”

“ते त्या दोघाइचं आहे, भाऊ.”

खिडकी उघडी होती. सूर ओसरीपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. काका पायऱ्या उतरले, वाफ्यांमधून चालू लागले, आणि पार बागेच्या टोकाला, शेवटच्या झाडापाशी, घराकडे पाठ करून उभे राहिले.