रामटेके काकांचा देवमासा

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी देवमाशाचा एक सिनेमा तीन उन्हाळ्यांत तीनदा पाहिला होता, आणि तो देवमासा शेवटी टाकीतून सुटतो की नाही, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. कारण सिनेमा दाखवायचे रामटेके काका, आणि शेवटची वीस मिनिटं उरली की रामटेके काकाच तो बंद करायचे. भिंतीवरच्या घड्याळात बरोब्बर साडेसहा वाजलेले असायचे. "पंपाची वेळ झाली," असं म्हणून ते सरळ प्लग उपटायचे आणि खाली निघून जायचे. मुलं ओरडायची. काका जिन्यातूनच म्हणायचे, "उरलेलं मंग पाहू, पोट्टेहो!" ते 'मंग' काही उगवायचं नाही.

एका वर्षी वीज गेली म्हणून सिनेमा तासभर उशिरा सुरू झाला. एरवी दर पाच मिनिटांनी थांबवून भाषण करणाऱ्या काकांनी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही, आणि साडेसहाला नेमकी तीच जागा गाठून प्लग उपटला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी ग्रंथपाल आहे. लोक पुस्तकं शेवटापर्यंत वाचत नाहीत याची मला सवय आहे.

रामटेके काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडच्याच एका गावात पाणीपुरवठ्याच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. बायको वारल्यावर मुलानं त्यांना हडपसरला आणलं, आणि दोन वर्षांत तो स्वतःच नोकरीसाठी बंगळूरला गेला. काकांना तो चला म्हणाला होता. काकांनी विचारलं, "तिथल्या पंपाकडे कोण पाहते?" मुलगा म्हणाला, तिथे सगळं ऑटोमॅटिक आहे. झालं, काका इथेच राहिले. ऑटोमॅटिकवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आमच्या पंपालाही टाकी भरली की आपोआप बंद करणारं एक यंत्र होतं, ते काकांनी आल्या आल्या काढायला लावलं. "यंत्राला तहान कळत नाही, ताई. हे टेक्निकल आहे."

'हे टेक्निकल आहे' म्हटलं की पुढे वाद घालायचा नसतो. काका पहाटे उठतात, बुद्धवंदना म्हणतात आणि मग इमारतीच्या भिंतींना कान लावत फिरतात. दुसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या मुलींनी, एक म्हातारा दारं ऐकत फिरतो, अशी तक्रार केली होती. काका दारं नाही, पाइप ऐकतात. एकदा सकाळी सातला माझ्या दाराची बेल वाजली. काका उभे. "ताई, तुमचा मोरीतला नळ मिनिटाला अकरा थेंब. रात्रभर मोजून राहिलो." पाहुण्याला ते अर्धा पेलाच पाणी देतात आणि समोर बसून तो संपेपर्यंत बघतात. लग्नाला गेले तर आधी जेवणाच्या मांडवामागे जाऊन पिंप बघून येतात; मुलगी कशी आहे विचारलं तर सांगतात, "पिंपाला झाकण नव्हतं."

तर अशा माणसानं मुलांना सिनेमा दाखवावा, तोही टाकीतल्या देवमाशाचा, हे एका परीनं साहजिकच होतं. सिनेमा कुठल्या तरी परदेशातला, हिंदीत डब केलेला. समुद्राकाठी एक मत्स्यालय असतं, तिथल्या पहारेकऱ्याची मुलगी सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, आणि डबिंगवाल्यांच्या कृपेनं तिचं नाव गुड्डी. देवमाशाचं नाव राजा. गुड्डी टाकीच्या भिंतीवर चमच्यानं टकटक करते आणि राजा आतून शेपटीनं उत्तर देतो. मालक दुष्ट असतो, हे सांगायला नकोच.

ही सीडी काकांनी बुधवार पेठेत, दुकानं पालथी घालून मिळवली. सिनेमाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानदाराला ते म्हणाले, "एक पोरगी आहे, एक मासा आहे, अन् टाकी गोल आहे, पाच-सहा लाख लिटरची." दुकानदार मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडे सिनेमे लिटरवर मिळत नाहीत." काका रोज जात राहिले. शेवटी त्या गृहस्थानं कंटाळून जुन्या खोक्यातून एक सीडी काढून दिली. तिच्यावर स्केचपेननं नुसतं 'मासा' लिहिलेलं होतं. त्यामुळे आमच्या मुलांना, जी एरवी मोबाइलवर काहीही शोधून काढतात, या सिनेमाचा पत्ता कधी लागला नाही.

दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी चारला काका पंप सुरू करत आणि वर क्लब हाउसमध्ये येत. पडद्यावर गुड्डी रडत असे, आणि काका मध्येच सिनेमा थांबवून काठीनं दाखवत, "हे पाहा. एवढ्या जनावराले एवढीशी टाकी! अन् क्लोरीन पाहा किती मारलं, पाणी निळंशार करून टाकलं. डोळे चुरचुरत असतील बिचाऱ्याचे." मुलं आधी हसायची. मग हळूहळू त्यांनाही राजाचे डोळे चुरचुरताहेत असं वाटायला लागायचं.

आणि मग ती जागा यायची. मालक राजाला विकायला निघालेला, समुद्राला भरती आलेली, टाकी आणि समुद्र यांच्यामध्ये एक लोखंडी दार, आणि ते उघडायचं भलंमोठं चाक. गुड्डी चाकावर दोन्ही हात ठेवते. इथे प्लग.

यंदा एप्रिलपासूनच माझ्या मुलीनं, मुक्तानं, हे मनावर घेतलं. ती आठ वर्षांची आहे. एक दिवस जेवताना घास हातात धरून म्हणाली, "आई, तो तीन वर्षं टाकीतच आहे."

"कोण?"

"राजा. आपण पुढचं पाहिलंच नाही, म्हणजे तो अजून आतच आहे ना?"

मी म्हटलं, सिनेमा आहे तो. पण तिचं जेवण कमी झालं ते झालंच. झोपेतही ती पलंगाच्या कडेवर टकटक करायची. शेवटी तिनं सोसायटीच्या सूचनापेटीत चिठ्ठी टाकली: 'माननीय अध्यक्ष, कृपया राजाला सोडावे.' आमचे अध्यक्ष जोगळेकर शनिवार पेठ सोडून हडपसरला आले त्याला पंधरा वर्षं झाली, पण शनिवार पेठ काही त्यांना सोडत नाही. त्यांनी सूचना फलकावर रीतसर उत्तर लावलं: 'सदर मासा सोसायटीच्या हद्दीत येत नाही.' मुक्ता ते वाचून आली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

मी तडक काकांकडे गेले. म्हटलं, "काका, ती सीडी एक दिवस द्या. शेवटची वीस मिनिटं दाखवते आणि परत करते."

"नाही देता येत, ताई."

"अहो, मुलगी जेवत नाहीये."

"नाही म्हटलं ना!" काका म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. मला भयंकर राग आला. एका सीडीपायी एवढा ताठा! घरी येऊन मी नवऱ्यासमोर त्यांचा यथेच्छ उद्धार केला, तोही बाथरूमचं दार उघडं ठेवून.

दुसऱ्याच दिवशी काका दारात. नजर पायपुसण्यावर. "पाइपातून सारं ऐकू येते, ताई," ते म्हणाले. "रविवारी चारला पोट्ट्यांना घेऊन या. यंदा पुरा पाहू."

रविवारी क्लब हाउस गच्च भरलं होतं. शेवट दिसणार ही बातमी फुटली होती. दोन-चार आयाही येऊन बसल्या होत्या. मुलांच्या धांदलीत सीडी लावायलाच पाच वाजले. काका प्लगाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. एकदाही थांबवलं नाही, क्लोरीनवर अवाक्षर नाही. मला तो सिनेमा भाषणाशिवाय अगदी सपक वाटायला लागला.

साडेसहा वाजले. गुड्डीनं चाकावर हात ठेवले, आणि काकांचा हात सवयीनं प्लगकडे गेला.

"काका, प्लीज," मुक्ता म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मग त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "तू सांग," ते मुक्ताला म्हणाले. "मी नाही पाहत. काय होऊन राहिलं ते तू सांग."

मुक्ता त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. "चाक फिरत नाहीये."

"गंजलं असंल. उलटं फिरव म्हणा, आधी उलटं, मंग सुलटं!"

"फिरलं! दार उघडतंय. राजा आला. काका, तो अडकला!"

"कुठी?"

"दारातच. पोट अडकलंय. मालक धावत आला. गुड्डी रडतेय. ती चमच्यानं टकटक करतेय..."

काकांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांच्याकडेच बघत बसले, त्यामुळे त्या देवमाशानं काय केलं ते मीही पाहिलं नाही. नुसती आरोळी ऐकली. वीस-पंचवीस मुलं एकदम किंचाळली, खुर्च्या पडल्या, कुणी तरी शिट्टी मारली. काकांनी डोळे उघडले आणि थेट मुक्ताकडे पाहिलं. मुक्ताच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "काहून रडून राहिली? मेला का तो?"

"नाही हो काका! सुटला!"

"मंग रडतेस कायले?"

"सुटला म्हणूनच!" मुक्ता नाक ओढत, वैतागून म्हणाली. "रडू येतंच ना अशा वेळी. तुम्हाला एवढं पण कळत नाही?"

काकांनी मागे वळून पाहिलं. दोन आया ओढणीनं डोळे पुसत होत्या. चौथ्या मजल्यावरचे धिप्पाड पाटील चष्मा काढून पुसत होते. काका एकेकाचा चेहरा निरखून बघत होते.

इतक्यात बाहेरून धो धो आवाज यायला लागला. गच्चीवरची टाकी भरून पाणी सगळ्या बाजूंनी खाली कोसळत होतं. मिनिटाला अकरा थेंब मोजणारा माणूस पंप बंद करायला विसरला होता. खालून जोगळेकरांचा शांत आवाज आला: "रामटेके, आपण मासा आमच्या टाकीत सोडलात का?"

काका धावत गेले. मुलं भिजायला त्यांच्यामागे पळाली. मी आवराआवरीला मागे राहिले. थोड्या वेळानं काका परत आले, गुडघ्यापर्यंत चिंब. खुर्चीवर बसले आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"सुशीला दवाखान्यात होती, ताई. वॉर्डात टीव्ही होता, त्यावर हाच सिनेमा लागला. आम्ही दोघं पाहून राहिलो होतो. साडेसहाले गावाचं पाणी सोडायचं होतं. मी उठलो तेव्हा ती पोरगी चाकावर हात ठेवून होती. सुशीला म्हणाली, जा तुम्ही, पुढं काय झालं ते मी उद्या सांगते."

पँटमधून टपटप पाणी गळत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पहाटे ती गेली. नर्स म्हणाली, बाई काल सिनेमा पाहून फार रडल्या हो. मी समजलो, मासा मेला. नऊ वर्षं तेच समजून होतो. बायको शेवटच्या दिवशी एकटी पडून मेलेला मासा पाहून रडली, अन् मी तिकडं व्हॉल्व्ह फिरवत होतो. दरसाल ठरवायचो, पोट्ट्यांसंगं बसून पाहून टाकू एकदाचं. नाही होत होतं."

त्या दिवशी त्यांच्या बंद दारासमोर मी जे जे मनात म्हटलं होतं, ते सगळं आठवून लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेपेक्षाही मला हायसं वाटलं, छातीवरचा दगड उतरावा तसं. तो दगड माझा नव्हताच, तरीही.

"ती खुशीनं रडली असंल ना, ताई?"

"खुशीनंच, काका. आम्ही सगळेच रडलो की."

"हो. पाटीलसुद्धा रडले." त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, "माझं तर पाहायचंच राहिलं. परत लावू का? फक्त शेवटचं."

मी हातातली घडी केलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि त्यांच्या शेजारी टाकली.