बुडालेल्या कप्तानाच्या चपला

हरेश्वर जातिवंत कोळ्याचा मुलगा, पण होडीत पाय ठेवला की ओकायचा. शेवटी बापाने कपाळाला हात लावून त्याला मांडव्याच्या जेटीवर तिकिटं द्यायला बसवलं. कॉम्प्युटरवरच्या पाणबुडीच्या गेममध्ये मात्र तो कप्तान होता, आणि अख्खा पावसाळा त्याने एकच पाणबुडी जिवापाड जपली होती. (बायकोचा वाढदिवस त्याच पावसाळ्यात विसरला, ते सोडा.)

त्या रविवारी सासूबाईंना पालीच्या गणपतीला न्यायचं होतं. रिक्षा येईपर्यंत एक मालवाहू जहाज बुडवू, एकच, असं त्याने ठरवलं. जहाज बुडालंही. पण त्याच्या राखणीला असलेल्या एस्कॉर्ट बोटी खवळून पाणबुडीच्या मागे लागल्या. शत्रू डोक्यावर असला की हा गेम सेव्ह होत नाही. आता उठलं तर सगळा पावसाळा पाण्यात.

"अवो, रिक्षा आली! आई बसली पन!" अंगणातून बायकोची, हेमांगीची हाक आली.

मागच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगावर बसलेल्या कप्तानाने पाणबुडी तळाला टेकवली. इंजिन बंद, पंखा बंद, श्वास जवळजवळ बंद. (पंख्याचा आवाज गेममधल्या शत्रूला ऐकू जात नाही, हे त्यालाही कळत होतं. पण उगाच चान्स कशाला घ्या.)

अशा वेळी गेममध्ये एक युक्ती असते. थोडं तेल आणि सटरफटर सामान वर सोडायचं; शत्रूला वाटतं बुडाली, आणि तो निघून जातो. हरेश्वर मागच्या दाराने सटकला, घरामागच्या किनाऱ्यावर चपला नीट जोडीने काढल्या, शेजारी टोपी ठेवली आणि परत जाळ्यांवर येऊन बसला. आपण फिरायला गेलो असं समजून हेमांगी आईला घेऊन जाईल, असा त्याचा हिशेब.

पण कोळीवाड्यात पाण्याच्या कडेला नुसत्या चपला दिसल्या, तर माणूस फिरायला गेला असं कोणी समजत नाही.

"हेमांगे, हरेशच्या चपला दर्यावर गो!" शेजारच्या नीराबाईने टाहो फोडला. "त्याला पवता पन न्हाय येत!"

"होडी काढा!" हा शेजारचा सदा. "जाळी आना! हरेशच्या खोलीत हायेत!"

हरेश्वर जाळ्यांत आणखी खोल सरकला. आता बाहेर पडावं तर गाव मारील, न पडावं तर गाव जाळ्यांसकट उचलील. पावलं दारापर्यंत आली.

"थांबा," हेमांगीचा आवाज आला. "ती जाळी फाटकी हायेत. तुमी सगली पुढं व्हा, मी हाय हितं."

पावलं दूर गेली. हेडफोनमधली एस्कॉर्टची घरघरही थांबली. हरेश्वरला एकदम भरून आलं. बिचारी! नवरा दर्यात गेला आणि ती एकटीच मुकाट रडत असेल. चुलीत गेली पाणबुडी, असं म्हणून त्याने डोळे पुसत दार उघडलं. (इंजिन बंद करून वर टपून बसलेली एस्कॉर्ट सगळ्यात वाईट, हे त्याला गेममध्ये कितीदा तरी कळलं होतं.)

दारातच उलट्या बादलीवर हेमांगी बसली होती. मांडीवर चपला.

"लगीन झाल्यापासून एक चप्पल पायरीवर, एक कोंबड्यांत," ती शांतपणे म्हणाली. "आनि बुडायला जाताना बरी जोडीनं ठेवलीत?"

हरेश्वर दचकून मागे सरला. गळ्यातल्या हेडफोनची वायर जाळ्यात अडकून कॉम्प्युटरमधून निसटली आणि स्पीकरमधून खोलीभर पाणबुडी फुटल्याचा मोठ्ठा धमाका झाला.

"आत काय फुटला?"

"मी," हरेश्वर म्हणाला, आणि चपला घालून मुकाट्याने रिक्षाकडे निघाला.